वळचणीचा रोटाव्हेटर

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. माझी शाळा पुण्यातली, कॉन्व्हेंट. वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड. (खरंच घ्यायचे. दहावीपर्यंत माझे बरेच गेले.) त्यामुळे माझं मराठी म्हणजे सुट्टीतलं मराठी, मे महिन्यात आणि दिवाळीत गुंजवण्याला जाऊन शिकलेलं. ऱ्हस्व-दीर्घाचं तुम्हीच बघून घ्या.

विषय मात्र माझ्याकडे तयार होता. रोटाव्हेटर. हसू नका, मेकॅनिकलच्या मुलीने प्रेमावर लिहावं अशी अपेक्षा कोणी केलीच नव्हती.

आपल्या कॉलेजातले निम्मे लोक गुंजवण्याला जाऊन आले असतील. नसरापूर, मार्गासनी, साखर आणि मग गुंजवणे. राजगडावर चोरदरवाज्याने पद्मावती माचीला जाणारी वाट आमच्याच गावातून सुरू होते. तालुका वेल्हे, ज्याचं नाव आता राजगड तालुका झालंय. गडावरून उतरल्यावर ज्या पडवीत बसून तुम्ही पिठलं-भाकरी आणि वर दोनदा मागून घेतलेला ठेचा खाल्लात, ती कदाचित आमच्या काकीची असेल. तेव्हा त्या पडवीच्या बाजूला, निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी अगडबंब पडलेलं दिसलं असेल, तर ते माझं कर्तृत्व.

आमची शेती दोन एकर, सात खाचरांत विभागलेली. शहरात दोन एकर म्हटलं की लोकांचे डोळे मोठे होतात. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रातलं सरासरी शेतच १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. आम्ही सरासरीच्याही खाली. शिवाय उताराची जमीन. एका खाचराचा बांध संपला की दुसरं कमरेइतकं खाली. मोठा ट्रॅक्टर तिथे वळतच नाही. आबांची बैलजोडी होती तोवर हा प्रश्न नव्हता. २०२३ मध्ये आबांचे गुडघे गेले आणि बैल विकले. त्याच दिवाळीला काकांनी कर्ज काढून मिनी ट्रॅक्टर आणला. त्याच्याबरोबर रोटाव्हेटर, कल्टिव्हेटर, दोन फाळांचा नांगर, चिखलणीची लोखंडी चाकं आणि एक छोटी ट्रॉली.

ट्रॅक्टर घेतला की सगळे येऊन ट्रॅक्टरची किंमत विचारतात. मागे लावायची अवजारं ठेवणार कुठे, हे आम्हाला कोणी विचारलं नाही, आम्हीही स्वतःला विचारलं नाही. ट्रॅक्टरला घरापुढचा पत्रा मिळाला. गोठ्यात म्हैस आणि पेंढा. पडवी शनिवार-रविवार पर्यटकांची, आणि ती रिकामी करायची सोय नाही, कारण ट्रॅक्टरचा हप्ता त्याच पडवीतून जातो. हे मला फार उशिरा कळलं. भातावर घर जेवतं, पण हप्ता पिठल्यावर चालतो. म्हणून जे पैसे आणत होतं ते आत बसलं आणि लाखभराचं लोखंड गेलं वळचणीला.

वळचण हा शब्द मला माहीत नव्हता. मला 'शेड' माहीत होतं. आबांनी सांगितलं, छपराचं खालचं टोक भिंतीच्या बाहेर येतं ना, त्याच्या खालची जागा म्हणजे वळचण. बघणाऱ्याला वाटतं वर आडोसा आहे. पण छपराचं सगळं पाणी नेमकं तिथेच पडतं आणि खालच्या मातीवरून परत वर उडतं. आबा पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "आढ्याचं पानी वळचणीला येनार, तितं लोखंड ठिवून काय मिळायचं?" पण आबांनी जन्मात ट्रॅक्टर चालवला नव्हता, म्हणून त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही.

आता माझी एन्ट्री.

ऑगस्ट २०२४. माझं फर्स्ट इयर संपलेलं, म्हणजे मी इंजिनिअर झाले होते असं गावाला आणि थोडंफार मलाही वाटत होतं. लावणी उरकली होती. चिखलणी करून आलेला रोटाव्हेटर तसाच, पात्यांना चिखल आणि गवत गुंडाळलेल्या अवस्थेत, वळचणीला उभा होता. बाहेर आमच्याकडचा पाऊस, जो आला की गड चार-चार दिवस दिसत नाही. मी म्हटलं, "काका, नुसतं वरून काय झाकता? पूर्ण पॅक करा ना. पाणीच लागलं नाही तर गंजेल कशाला?"

तर्कात कुठेही फट नव्हती. प्लॅस्टिकमध्येही नव्हती. काकांनी नसरापूरहून जाड निळा कागद आणला. आम्ही दोघांनी रोटाव्हेटर वर उचलून कागद खालूनसुद्धा घेतला, वर गाठ मारली, नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलं. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. आबा ओट्यावरून म्हणाले, "आगं, ओलं हाय की ते अजून." मी म्हटलं, "आबा, आतलं पाणी असून असून किती असणार?"

हे वाक्य मला अजूनही रात्री आठवतं.

नोव्हेंबरात भात काढून झालं. आमच्याकडे भातानंतर खाचरात जी ओल राहते तिच्यावर हरभरा, मसूर, पावटा घेतात. त्यासाठी वाफसा साधावा लागतो. वाफसा म्हणजे जमीन चिकट नाही आणि कोरडीही नाही, असे मोजके दिवस. काकांनी त्या दिवसांतल्या पहिल्याच सकाळी गाठ सोडली. आतून उबट, कुबट वास आला म्हणे. पाती तांबडीलाल, ते एक वेळ चाललं असतं, मातीत फिरली की पाती घासून पुन्हा चमकतात. पण रोटर हलेना. हातोडीने ठोकून, ट्रॅक्टरला जोडून कसाबसा फिरवला तर बाजूच्या पेटीतून तेल गळायला लागलं. तेल कसलं, दुधाच्या चहासारखं पांढरट पाणी. मिस्त्री आला, त्याने दोन्ही बेअरिंग, सगळे ऑइल सील आणि गिअरचं तेल बदललं. बिल साडेसहा हजार. पण खरा फटका बिलाचा नव्हताच. सुटे भाग येऊन काम होईपर्यंत अकरा दिवस गेले. वाफसा गेला. दोन खाचरांत हरभरा पेरलाच नाही.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझी परीक्षा होती. गंमत बघा, मटेरियल सायन्सच्या पेपरात मला आलेला प्रश्न होता: गंजण्याची प्रक्रिया सांगून ती रोखण्याचे उपाय लिहा. दहापैकी आठ मिळाले. पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, मिठामुळे वेग वाढतो, फटीत साचलेल्या ओलीमुळे ठिकठिकाणी खड्डे पडतात, दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं का टिकला (लोखंडातलं फॉस्फरस, त्यामुळे वर धरलेला पातळ थर आणि दिल्लीची कोरडी हवा), सगळं लिहिलं. आकृतीसुद्धा काढली. त्याच महिन्यात साठ किलोमीटरवर त्या उत्तराचं प्रात्यक्षिक निळ्या कागदात चालू होतं.

डिसेंबरात गेले तेव्हा काकी भाकरी थापता थापता बोलून गेली, "यंदा हरभरा न्हाई बाई केला, मशीन बसलं हुतं." मी खोदून विचारलं, मग बाहेर आलं. काकांना म्हटलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तुझी परीक्षा व्हती." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. ज्यांनी लहानपणी मला खांद्यावर बसवून गडावर नेलं, त्यांच्या दोन खाचरांचं पीक माझ्या एका वाक्यात गेलं आणि त्यांनी ते माझ्या अभ्यासाच्या आड येऊ दिलं नाही.

नेमकं काय झालं होतं? हे समजायला इंजिनिअरिंग लागत नाही, डबा लागतो. गरम पोळ्या डब्यात घालून लगेच झाकण लावलं की झाकणाला आतून पाणी धरतं आणि पोळ्या ओलसर होतात. पाणी बाहेरून आलेलं नसतं. रोटाव्हेटरच्या चिखलात पाणी होतंच. दिवसा कागद तापला की त्याची वाफ व्हायची, रात्री ती कागदाला आतून लागून थेंबाथेंबाने परत लोखंडावर यायची. उघडा पावसात राहिला असता तर निदान पाऊस उघडल्यावर वाऱ्याने सुकला तरी असता. आम्ही त्याला तीन महिने एका दिवसाचीही उघडीप दिली नाही. रोटरच्या टोकाला गवत आणि सुतळी गुंडाळलेली होती, तिने ओल धरून ठेवली ती नेमकी सीलपाशी. तिथला शाफ्ट गंजून खरखरीत झाला, आणि तो फिरवल्याबरोबर सीलची रबरी कड कापली गेली. चिखलणीत थोडं पाणी आधीच पेटीत गेलं असणार, ते तेव्हाच तेल काढून बघितलं असतं तर कळलं असतं. आम्ही बघितलं नाही, पॅक केलं.

आबांना हे सगळं मी समजावून सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला गोठ्यात नेलं. वर, आढ्याखाली, दोन दोऱ्यांना त्यांचा लाकडी नांगर आडवा टांगलेला होता. बाजूला जू. लावणी झाली की नांगर धुवायचा, ओट्यावर दोन-चार दिवस वाळवायचा, फाळ काढून त्याला तेलाच्या बुधल्याचा तळचा गाळ फासायचा आणि लाकूड वर टांगायचं, चुलीचा धूर लागेल असं. जमिनीला काही टेकवायचं नाही, कारण खालून ओल आणि वाळवी दोन्ही चढतात. हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरतं म्हणून शेतकरी घेत नव्हते, हे मी कुठेतरी वाचलं होतं. ते आबांना सांगितलं तर म्हणाले, "जिमिनीचं म्हाईत न्हाई, पन जिमीन लोखंडाला खाती ह्ये खरं."

मग ठरलं. मे २०२५ मध्ये अवजारांना छप्पर करायचं. डिझाइन अर्थातच मी करणार होते. या वेळेला चूक नको म्हणून मी कॉम्प्युटरवर व्यवस्थित ड्रॉइंग केलं. वीस फूट बाय बारा, तिन्ही बाजूंनी पत्रा, पुढे दार, आत भिंतीला लावून ओळीने अवजारं, जागेचा पुरेपूर वापर. रंगीत प्रिंट काढून नेली. काका बराच वेळ प्रिंट उलटसुलट करून बघत राहिले. मग म्हणाले, "झ्याक हाय. पन ही मागली बाजू भिंतीला लावलीस, तर ट्रॅक्टर जोडायचा कुठनं?"

मी अवजारं दाखवली होती शोरूममध्ये ठेवतात तशी, पाती बाहेर. ट्रॅक्टर तर उलटा येऊन अवजाराच्या जोडणीला लागतो. म्हणजे तीन पिनांची बाजू बाहेर हवी, आणि समोर ट्रॅक्टर सरळ मागे आणायला मोकळी जागा हवी. दोन-अडीचशे किलोचं लोखंड कोण फिरवत बसणार?

ते ड्रॉइंग काकीने चुलीजवळच्या भिंतीला लावलंय, तेलकट झालंय आता.

दुसरं ड्रॉइंग आम्ही अंगणात काढलं, राखेने. ट्रॅक्टर खरोखर मागे आणला, खुणा केल्या, पुन्हा पुढे नेला. जुलैत आधी लागणारी चाकं आणि रोटाव्हेटर तोंडाशी, नांगर त्याच्या मागे बाजूला. उंची किती? तर अवजार उचललेलं असताना ट्रॅक्टरवर बसलेल्या काकांचं डोकं लागणार नाही इतकी. जागा गोठ्याच्या कडेला, एकपाखी. आमच्याकडे पाऊस गडाकडून येतो, म्हणून गडाकडची बाजू बंद आणि अंगणाकडची पूर्ण उघडी. दाराचा विचार सोडला. बंद बाजूला मी पत्रा म्हणत होते. आबा म्हणाले कूड. पडक्या घराच्या जुन्या कारव्या होत्या, त्या बांधून कूड केला, शेणाने न लिंपता तसाच. पावसाची झड अडते, वारा आत येतो. मी केलेल्या कागदाच्या बरोबर उलट.

आमची वादावादी एकाच गोष्टीवर झाली, आणि तिथे मी हटले नाही. गोठ्याला लागून करायचं तर मधल्या बाजूची जमीन खरवडून काढायची, कारण वर्षानुवर्षं मुतारीने भिजलेल्या मातीतून अमोनिया सुटतो आणि तो लोखंडालाच काय, पत्र्यालाही सोडत नाही. युरियाची पोतीही इथे ठेवायची नाहीत, मीठ ठेवल्यासारखंच ते, हवेतली ओल ओढून घेतं. काका म्हणाले मग पोती कुठे ठेवू? मी म्हटलं माहीत नाही, पण इथे नाही. (पोती सध्या माझ्या लाडक्या माळ्यावर आहेत. सुट्टीत मी आता ओट्यावर झोपते.) माती काढून मुरूम टाकला, धुमसून अंगणापेक्षा वीतभर उंच केला, भोवती चर काढला. लोखंडी पाइपाचे खांब सिमेंटमध्ये रोवले. पुढून उघडं छप्पर म्हणजे वारा आत शिरून पत्रा वर उचलतो, ओझ्यापेक्षा भीती त्या उचलण्याची. त्यामुळे हुक मोजून जास्त लावले. पत्रे जुन्या पोल्ट्रीचे, अर्ध्या किमतीत मिळाले. एकूण खर्च तेवीस हजार. त्यातले शिकवणीचे चार हजार मी दिले. काका घेईनात. काकीने घेतले, म्हणाली, "तिच्या नावाचं चार पत्रं."

आणि मृगाच्या, म्हणजे सात जूनच्या आत करायचं म्हणून निवांत चाललेलं हे काम पावसाने गाठलं. २०२५ चा मे तुम्हाला आठवत असेल. मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि २६ मेला मान्सून पुण्या-मुंबईत पोचलासुद्धा. खांब उभे, वर काही नाही, सिमेंट ओलं, अवजारं अंगणात उघडी. मी पुण्यात सबमिशन करत होते. फोनवर काका म्हणाले, "कागद टाकू का?" मला क्षणभर काही बोलताच येईना. मग म्हटलं, "वरून टाका, खालून मोकळं ठेवा, चारी बाजू उघड्या. आणि मी येते." आले. पाऊस थांबेल तेवढ्या वेळात काका, मी आणि शेजारचे दोघं, दोन दिवसांत पत्रे चढवले. पत्र्यावर चढायला मला कोणी देत नव्हतं. चढले.

चिखलणी झाल्यावर त्या वर्षी रोटाव्हेटर दोन दिवस खरा पाहुणा होता. पंपाच्या पाण्याने धुतला. रोटरभोवतीचं गवत आणि सुतळी सुरीने कापून काढली, हे सगळ्यात किचकट काम, बोटं सोलतात. उघडीप मिळेना, म्हणून छपराखालीच वाऱ्यावर सुकू दिला. तेल काढून बघितलं, जरा गढूळ होतं, बदललं. पात्यांना इंजिनचं जुनं तेल फासलं, पीटीओ शाफ्टला ग्रीस दिलं, आणि जांभळाच्या ठोकळ्यांवर टेकवला. कागद नाही.

खंडेनवमीला मी गेले होते. १ ऑक्टोबर. आबांनी लाकडी नांगर गोठ्यातून काढायला लावला आणि नव्या छपराच्या पाइपाला टांगला, रोटाव्हेटरच्या बरोबर वर. दोघांना एकच हार पुरेना म्हणून आजीने झेंडूचे दोन केले. आदल्याच आठवड्यात ट्रॅक्टर-अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला होता. काका हळद-कुंकू लावता लावता रोटाव्हेटरला म्हणाले, "दोन वरसं थांबला आस्तास तर."

भात काढल्यावर काकांनी मला व्हिडिओ कॉल केला. बोलले काहीच नाहीत. मोबाइल रोटाव्हेटरसमोर धरला आणि एका हाताने रोटर ढकलला. फिरला. मग तेलाचा बोल्ट सैल करून बोटावर थेंब घेतला आणि कॅमेऱ्यापुढे आणला. मधासारखं. हरभरा सगळ्या खाचरांत पेरला.

गेल्या रविवारी परत फोन. मला वाटलं, आता काय? एका ट्रेकरने छपराखाली गाडी लावायचे शंभर रुपये देऊ केले होते म्हणे आणि काकी तयार झाली होती, त्यावरून घरात जुंपली होती. पण फोन त्यासाठी नव्हता. काकीच्या कोंबड्या रात्रीच्या रोटाव्हेटरवर बसायला लागल्यात, आणि जिथे त्यांची घाण पडते तिथे रंग उडून तांबूस डाग धरलाय. "तुमच्या पुस्तकात कोंबड्यांवर काय हाय का?" काकांनी विचारलं.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. या वेळी आधी आबांना विचारणार आहे.